अपघातात पानथरी काढली, कार्डावर 'लसी घ्या' एवढंच लिहिलंय. कोणती, कधी, कुठे?

तिखटमीठ

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर असते, आज वेगळ्याच कामाला आले आहे.

माझे धाकटे दीर, वय ३१, टोमॅटोची पिकअप चालवतात. संगमनेरहून नारायणगावला जाताना चंदनापुरी घाटात गाडी उलटली. वरून खरचटण्यापलीकडे काही दिसत नव्हतं, पण डाव्या बरगड्यांखाली स्टेअरिंगचा मार बसला होता. दवाखान्यात पोचेपर्यंत भाऊजी पांढरेफटक. सोनोग्राफीत पोटात रक्त, पानथरी (म्हणजे प्लीहा) फुटलेली. त्याच रात्री ऑपरेशन करून ती काढली. जीव वाचला, त्याबद्दल त्या सर्जनचे पाय धरले तरी कमीच.

आता तीन आठवडे होत आलेत. टाके निघाले. भाऊजी दोन भाकऱ्या खातात, ओट्यावर बसून फोनवर बाजारभाव विचारतात. घरच्यांच्या लेखी विषय संपला. पण डिस्चार्ज कार्डाच्या तळाशी इंग्रजीत एक ओळ आहे, तिचा अर्थ इतकाच की प्लीहा काढल्यानंतरच्या लसी घ्याव्यात. कुठल्या, किती, कधी, काही नाही. टाके काढायला गेलो तेव्हा विचारलं तर तिथल्या ज्युनिअर डॉक्टरांनी "न्यूमोनियाची घ्या, बाकी सर सांगतील" असं सांगितलं, आणि सर ऑपरेशन थिएटरात.

मेडिकलवाला म्हणाला, "वहिनी, न्यूमोनियाची लस बाळांची असते." दुसऱ्या मेडिकलमध्ये कळलं की मोठ्यांनाही देतात, पण एक १३ ची आणि एक २३ ची. १३ वाली मागवावी लागेल, चार हजारांच्या आसपास. २३ वाली स्वस्त. यावर सासऱ्यांचा निकाल: २३ मोठी आणि वर स्वस्त, तर २३च घ्या! (हसू नका, क्षणभर मलाही पटलं.)

भाऊजींचं बाळ चार महिन्यांचं आहे. त्याला आरोग्य केंद्रात पीसीव्ही, म्हणजे बाळांची न्यूमोनियाची लस, दोनदा दिली, उजव्या मांडीला. तीच तिथे भाऊजींना मिळेल का? आणि सासूबाई ६८ वर्षांच्या, शुगर आहे, थंडीत खोकला जात नाही. त्यांनाही द्यायची का? मुळात धडधाकट दिसणाऱ्या माणसाला याची खरंच गरज आहे का, हे मला घरात पटवता येईल अशा भाषेत कुणी सांगेल का?

आमटीभात

सासऱ्यांचा हिशोब आवडला. जाणकार येईपर्यंत धागा वर काढतो.

उनाडवाट

ताई, तुमच्या भाऊजींच्या जमातीतला मी जुना सभासद. माझी प्लीहा कॉलेजात असताना काढली, अपघातात नाही, प्लेटलेट फस्त करणाऱ्या एका आजारामुळे. ठरवून काढायची असली की लसी किमान दोन आठवडे आधी देतात, तशा मला दिल्या. अचानक काढावी लागली तर ऑपरेशननंतर चौदा दिवस जाऊ देतात, कारण इतक्या मोठ्या माराच्या धक्क्यात असलेलं शरीर लसीला नीट दाद देत नाही. म्हणजे तुम्ही अगदी वेळेवर विचारताय.

आता सासऱ्यांना सांगायच्या भाषेत. मी कोल्हापूरचा, तेव्हा तालमीतलंच सांगतो. ही न्यूमोनियाची लस ज्याच्यावर आहे तो न्यूमोकोकस जंतू अंगाला तेल चोपडून आखाड्यात उतरलेल्या गड्यासारखा असतो. त्याच्याभोवती साखरेच्या जातीचं गुळगुळीत वेष्टन असतं, त्यामुळे पांढऱ्या पेशींची पकड सटकते. असा निसटता गडी रक्तात शिरला तर त्याला अडवायचं मुख्य ठिकाण म्हणजे प्लीहा. रक्त तिच्यातून फार हळू झिरपतं, आणि या वेष्टनाविरुद्ध झटपट प्रतिपिंडं (अँटिबॉडी) बनवणाऱ्या खास पेशीही तिथेच असतात. ती गेली की बाकीचं शरीर कितीही दणकट असो, या ठरावीक जंतूंपुढे उघडं पडतं. लस काय करते? प्रतिपिंडं आधीच तयार ठेवते. म्हणजे गड्याच्या अंगावर माती टाकायची. माती लागली की पकड बसते, आणि मग यकृतातल्या पेशीसुद्धा त्याला धरू शकतात. "पानथरी नसली तरी लिव्हर सांभाळून घेतं" असं कुणी तुम्हाला सांगेलच. ते खरं आहे, फक्त मातीशिवाय नाही.

दिसायला भाऊजी धडधाकटच राहणार. मीही आहे. पंचगंगेला पोहतो, पन्हाळा चढतो. अडचण रोजची नसतेच. अडचण त्या एका तापाची असते. प्लीहा नसलेल्याला हा जंतू रक्तात भिनला तर सकाळी थंडी-अंगदुखी आणि दुसऱ्या दिवशी रक्तदाब कोसळलेला, इतक्या वेगाने जातं. अशा वेळी निम्म्यापर्यंत रोगी दगावतात. हा प्रसंग क्वचित येतो, पहिल्या दोन-तीन वर्षांत शक्यता जास्त, पण नंतरही आयुष्यभर ती शून्य होत नाही.

म्हणून लसींइतकाच दुसरा नियम महत्त्वाचा, आणि तो डिस्चार्ज कार्डावर बहुधा नसतो: ताप आला की वाट बघायची नाही. 'क्रोसिन घे आणि झोप' हे आपल्या घरातलं पहिलं औषध या माणसाला लागू नाही. माझ्या डॉक्टरांनी मला अ‍ॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलेनेट हे अँटिबायोटिक लिहून ठेवलंय, बॅगेत कायम असतं. ताप आणि हुडहुडी आली की पहिला डोस घ्यायचा आणि तसंच उठून दवाखाना गाठायचा. गोळी दवाखान्याऐवजी नाही, दवाखान्याच्या वाटेवर.

मी बँकेत तपासणीच्या कामावर, फिरती भरपूर. एकदा सावंतवाडीला लॉजवर रात्री कापरं भरलं. लॉजवाल्याने मायेने आल्याचा चहा आणला, म्हणाला गोळी घेऊन निवांत पडा. मी गोळी घेतली आणि रिक्षा बोलवायला सांगितली. दवाखान्यात ड्यूटीवर अगदी तरुण डॉक्टर होती. पाकिटातलं कार्ड दाखवलं, 'या व्यक्तीला प्लीहा नाही' असं मराठीत आणि इंग्रजीत लिहिलेलं. तिने दुसरा प्रश्न विचारला नाही. रक्त कल्चरला घेतलं आणि लगेच शिरेतून अँटिबायोटिक सुरू. शेवटी निघाला साधा व्हायरल. एक रात्र गेली, थोडे पैसे गेले. पुढच्या तापालाही मी हेच करणार.

भाऊजी ड्रायव्हर आहेत, तेव्हा अजून दोन गोष्टी. कुत्रा चावला तर आपण रेबीजच्या इंजेक्शनांपुरता विचार करतो. कुत्र्याच्या लाळेत एक वेगळा जंतू असतो, तो प्लीहा नसलेल्यांना भारी पडतो, त्यामुळे लहानसा दात लागला तरी रेबीजच्या लसीबरोबर अँटिबायोटिकही लागतं. आणि मलेरियाच्या मुलखात भाडं घेऊन जाणार असतील तर आधी डॉक्टरांना विचारून जायचं. मलेरियाही अशा माणसाला जास्त जोरात होतो.

कार्ड मात्र आजच करा. लॅमिनेशनला कितीसे पैसे लागतात.

डॉ_खोकला

उनाडवाट यांनी माझं निम्मं काम केलं. मी फिजिशियन आहे. पण इथे वाचून थेट मेडिकलला जाऊ नका, हे सगळं एका कागदावर लिहून जवळच्या एमडी मेडिसिनकडे न्या.

आधी १३ आणि २३. न्यूमोकोकसचे शंभरावर प्रकार आहेत, वेष्टनाच्या रचनेवरून ओळखले जाणारे. लसीवरचा आकडा म्हणजे त्यातले किती प्रकार तिच्यात आहेत तो. २३ वालीत नुसती वेष्टनातली साखर आहे. १३ वालीत ती साखर एका प्रथिनाला जोडलेली आहे, आणि या जोडणीमुळे शरीराला स्मरण राहतं. म्हणून क्रम असा: आधी १३ वाली, निदान आठ आठवड्यांनी २३ वाली, आणि पाच वर्षांनी पुन्हा २३ वाली. उलटं केलंत, म्हणजे २३ आधी, तर १३ वालीसाठी वर्षभर थांबावं लागतं. सासऱ्यांचं गणित स्वस्त दिसतं पण ते वर्ष महागात जाईल, आणि भाऊजींच्या बाबतीत जोखमीचं वर्ष नेमकं तेच. आता २० प्रकारांची जोडलेली लसही आहे. ती मिळाली तर एका इंजेक्शनात काम होतं, मागून २३ वाली लागत नाही. नाशिक-पुण्यात चौकशी करा.

फक्त न्यूमोकोकल घेऊन थांबू नका. असंच वेष्टन असलेले आणखी दोन जंतू आहेत. एक मेनिंगोकोकस, मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा: त्याच्या चार प्रकारांविरुद्धच्या लसीचे दोन डोस, आठ आठवड्यांच्या अंतराने, आणि पुढे दर पाच वर्षांनी. दुसरा हिब (हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी): एकच डोस, एकदाच. शिवाय फ्लूची लस दरवर्षी, शक्यतो पावसाळ्याआधी, कारण फ्लूने घसा आणि छाती सोलवटली की न्यूमोकोकसला दार उघडं मिळतं. फ्लूची इंजेक्शनवाली घ्या, नाकात फवारायची जिवंत विषाणूची असते, ती नको. बाकी इथे सांगितलेली एकही लस जिवंत जंतूची नाही, त्यामुळे लसीतूनच आजार होईल ही भीती काढून टाका. दंड दुखेल, एखादा दिवस कणकण येईल. पण भाऊजींचा ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर गेला किंवा हुडहुडी भरली तर 'लसीचाच असेल' असं घरीच ठरवू नका, दाखवा.

आरोग्य केंद्राचं: सरकारी कार्यक्रमातली पीसीव्ही पहिल्या वर्षातल्या बाळांसाठी आहे. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिन्यांचा बूस्टर. २०१७ मध्ये हिमाचलपासून सुरुवात झाली, २०२१ मध्ये देशभर गेली. मोठ्यांना त्यातून मिळत नाही. पुण्याच्या सीरमची १० प्रकारांची लस स्वस्त आहे म्हणून कुणी सुचवेल, पण ती बाळांसाठीची आहे, भाऊजींना नको.

बाळाचा नऊ महिन्यांचा डोस मात्र चुकवू नका, आणि तो भाऊजींसाठीही. हा जंतू लहान मुलांच्या नाका-घशात बिनबोभाट राहतो आणि मुका घेताना, शिंकताना घरच्यांकडे येतो. लस घेतलेल्या बाळाच्या नाकात ते प्रकार कमी टिकतात. अमेरिकेत २००० साली बाळांना ही लस सुरू झाली, तेव्हा लस न घेतलेल्या म्हाताऱ्यांमधलाही त्या प्रकारांचा आजार घटला होता.

सासूबाई: ६८ आणि मधुमेह, म्हणजे हो. त्यांची प्लीहा शाबूत असल्याने १३ आणि २३ मधलं अंतर वर्षाचं चालतं. अमेरिकेने २०२४ मध्ये वयाची अट ६५ वरून ५० वर आणली आहे. सहा महिने पुढेमागे झालं तरी सासूबाईंचं चालेल. पैसे एकाचेच असतील तर आधी भाऊजी.

रोखठोक

माफ करा, पण सगळा कंपन्यांचा धंदा आहे. आमचे आजोबा एकही लस न घेता नव्वदीपर्यंत जगले. चार हजारांची लस घेऊनही न्यूमोनिया झालेले लोक मला माहीत आहेत. त्या पैशात महिनाभर दूध-अंडी येतील.

डॉ_खोकला

लस घेऊनही न्यूमोनिया होतो, बरोबर. न्यूमोनिया डझनभर जंतूंनी होतो, ही लस एकावर आहे आणि त्याच्याही काही प्रकारांवर. नेदरलँड्समध्ये ६५ वर्षांवरच्या सुमारे ८४,५०० लोकांवर १३ वालीची चाचणी झाली, निकाल २०१५ मध्ये आला. लसीतल्या प्रकारांमुळे होणारा न्यूमोनिया सुमारे ४६ टक्के कमी झाला, आणि त्याच प्रकारांचा रक्तात किंवा मेंदूच्या आवरणात पसरणारा आजार ७५ टक्के. सगळ्या कारणांचा न्यूमोनिया एकत्र मोजला तर फरक जेमतेम. खर्च लस बनवणाऱ्या कंपनीनेच केला होता, हेही तुम्ही म्हणायच्या आत मीच सांगते. ते सगळं धरूनही रक्तात पसरणाऱ्या आजाराचा आकडा मला पुरेसा वाटतो, कारण भाऊजींना भीती आहे ती त्याचीच.

आजोबांना पानथरी होती ना?

मोहफूल

मी चंद्रपूर जिल्ह्यातली. धागा दोनदा वाचला, कारण आमच्या घरी हेच चालू आहे, फक्त अपघात न होता.

माझी पोरगी सिकलसेलची रुग्ण, एसएस पॅटर्न, म्हणजे आई आणि बाबा दोघांकडून आलेला. मी आणि तिचे बाबा दोघंही वाहक, लग्नाच्या वेळी कोणाला ठाऊक? सिकलसेलमध्ये पानथरी काढावी लागत नाही बहुतेकांना, ती जाग्यावरच निकामी होते. विळ्यासारख्या वाकड्या पेशी तिच्या बारीक नळ्यांत अडकतात. कोणाची सुकते, कोणाची सुजून मोठी होऊन बसते, पण काम दोन्हीत बंद. म्हणजे माझी पोरगी आणि तुमचे भाऊजी या बाबतीत सारखेच.

ती २०१६ ची. तेव्हा आमच्याकडे सरकारी यादीत ही लस नव्हती. धानाचे पैसे आले तेव्हा विकत घेतली, नागपूरहून मागवून. दोन वर्षांची झाल्यावर २३ वाली, पाच वर्षांनी परत. पाच वर्षांची होईपर्यंत सकाळ-संध्याकाळ पेनिसिलिनची गोळी, चमच्यात चुरून. कंटाळा यायचा. मग डॉक्टरसाहेबांनी सांगितलं की अमेरिकेत सिकलसेलच्या लेकरांवर याचा अभ्यास झाला होता, १९८६ चा, गोळी घेणाऱ्या लेकरांमध्ये या जंतूचे आजार ८४ टक्क्यांनी कमी निघाले. त्या दिवसापासून मी गोळीला नाव ठेवलं नाही.

एक सांगावंसं वाटतं. आता गावोगावी सिकलसेलची तपासणी होऊन राहिली आहे, २०२३ च्या राष्ट्रीय मिशनपासून तर जास्तच. शाळेत, आश्रमशाळेत रक्त घेतात, कार्ड देतात. चांगलंच आहे. पण कार्ड हातात आल्यावर लोक विचारतात ते लग्नाचं: कोणी कोणाशी करायचं. लसीचं विचारत नाहीत, आणि कोणी आपणहून सांगतही नाही. मी बचत गटाच्या बैठकीत सांगते. मागे एक बाई म्हणाली, "तुही पोरगी तर दुखण्याने ओरडते, न्यूमोनियाचं काहून सांगतेस?" दुखणं दिसतं ना बाई, ते दिसत नाही.

तिखटमीठ ताई, तुमच्या जाऊबाईंना सगळं नीट समजावून सांगा. घरात ताप पहिल्यांदा बायकोलाच कळतो. आमच्या घरी थर्मामीटर देव्हाऱ्याशेजारी आहे, म्हणजे शोधावा लागत नाही.

रोखठोक

पानथरीचा मुद्दा मान्य. आजोबांना होती. सासूबाईंच्या बाबतीत माझं मत कायम.

तिखटमीठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर उनाडवाट यांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. सासरे तरुणपणी जत्रेतल्या कुस्त्या खेळलेले, तेल लावलेला गडी ऐकल्यावर त्यांनीच पुढचं सांगितलं, "मग माती टाका की." भाऊजी मात्र गप्प होते. नंतर विचारलं, "वहिनी, मी परत गाडी चालवू शकतो ना?" त्यांच्या डोक्यात तेच चालू होतं, आणि लसींच्या नादात मी तो प्रश्न इथे विचारलाच नाही.

नाशिकच्या एका फिजिशियनची सोमवारची वेळ घेतली आहे. लस मेडिकलवाला मागवून देतो म्हणतोय. ती बर्फात घालून एसटीने नाशिकला नेली तर चालेल का?

उनाडवाट

भाऊजींना सांगा, गाडी चालवायला प्लीहा लागत नाही. पोट भरून आलं आणि सर्जनने हो म्हटलं की खुशाल. मला ओळखीतला एक ट्रॅक्टरवाला माहीत आहे, आमच्याच जमातीतला, ऊसतोडीच्या हंगामात रात्रंदिवस चालवतो. पट्टा मात्र लावायचा, आणि कार्ड लायसन्सच्या मागे ठेवायचं, म्हणजे पाकीट बघणाऱ्याला दोन्ही एकदम दिसेल.

डॉ_खोकला

गाडीबद्दल उनाडवाट यांच्याशी सहमत.

लस स्वतः नेऊ नका. तिला २ ते ८ अंश लागतात, आणि लोकांना वाटतं त्याच्या उलट, बर्फाला थेट चिकटून गोठली तर ती वायाच जाते. जिथे टोचणार तिथल्याच फ्रीजमधली घ्या. आजच फोन करून १३ किंवा २० वाली सोमवारी असेल ना, हे विचारा, म्हणजे हेलपाटा वाचेल. आणि मेनिंगोकोकलची कोणत्या ब्रँडची देणार तेही विचारा. त्यातल्या एकीत डिप्थेरियाचं प्रथिन जोडलेलं आहे, ती १३ वालीच्या कामात अडथळा आणू शकते, म्हणून तिला न्यूमोकोकलनंतर चार आठवडे थांबावं लागतं. हिबची त्याच दिवशी दुसऱ्या दंडात चालते.

डिस्चार्ज कार्ड, सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे का याची माहिती सोबत न्या. प्लेटलेटही तपासून घ्यायला सांगा, प्लीहा काढल्यावर काही आठवडे त्या वाढलेल्या राहू शकतात.